समकालीन कलेसमोर उभे राहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

एखादे चित्र आवडणे ही ज्याची त्याची खाजगी बाब असली, तरी ते आवडायला हवे होते की नाही हे ठरवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे. ज्या शहरात ही जबाबदारी घेणारे कोणी नसते, तिथले लोक वाटेल त्या चित्रासमोर उभे राहून वाटेल तसे खूश होताना दिसतात. आमच्या नागपुरात हा धोका वेळीच ओळखला गेला आणि महाल भागात, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, वैदर्भीय समकालीन कला-मूल्यनिश्चिती मंडळ स्थापन झाले. मी या मंडळाचा आजीव सदस्य आहे. (आजीव सदस्य करून घेताना जीव किती उरला आहे ते विचारत नाहीत, हा मंडळाचा मोठेपणा.)

चांगले समकालीन चित्र ओळखायचे कसे, हा मंडळापुढचा पहिला प्रश्न होता. सुरुवातीला तीन परीक्षक नेमले जात. ते चित्रे पाहून एकमेकांशी बोलणे बंद करीत आणि बक्षीस चौथ्याच्याच भाच्याला जाई. ही पद्धत परंपरेला धरून होती, पण तिच्यात आकडेवारी नव्हती. मग एका वर्षी असे ठरले, की जे चित्र कमीत कमी लोकांना कळेल ते श्रेष्ठ. त्या वर्षी कोणतेच चित्र कोणालाच कळले नाही, सगळी चित्रे पहिली आली आणि शाली कमी पडल्या.

अशा कठीण काळात मनोहरराव अध्यक्ष झाले. मनोहररावांनी सरकारी नोकरीत उभा जन्म कालव्यांतले पाणी मोजण्यात घालवला होता, त्यामुळे कलेकडे ते कोऱ्या मनाने पाहू शकत होते. पहिल्याच सभेत ते म्हणाले, "तोंड खोटं बोलते. पाय खोटं नाही बोलत. माणूस कुठं थांबून राहिला ते पाहा. थांबला, म्हणजे तिथं काहीतरी आहे." सभेला हे तात्काळ पटले. (त्याच वेळी तर्रीपोहे आले होते आणि सगळे सदस्य त्यांच्यापाशी थांबून होते.)

अशा रीतीने ठहराव पद्धत अस्तित्वात आली. चित्रासमोर प्रेक्षक किती वेळ उभा राहतो, यावरून चित्राची योग्यता ठरवायची. मोजायला एकक हवे. सेकंद आणि मिनिटे ही एकके परकी असल्याने, पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा एक खर्रा नीट घोटून व्हायला जो वेळ लागतो त्याला एक ठहराव म्हणावे, असे ठरले. खर्रा ही नागपुरात एकमेव गोष्ट आहे जिच्यासाठी माणूस घाई करत नाही. प्रत्येक भिंतीपाशी प्लास्टिकच्या स्टुलावर एक निरीक्षक बसवण्यात आला. प्रेक्षकाने चित्र पाहिले का, हे निरीक्षकाने पाहायचे नव्हते. उभा आहे एवढे पाहायचे होते.

पद्धत निर्दोष राहावी म्हणून नियम केले गेले. चित्रकाराच्या नातेवाइकांचा ठहराव धरला जाणार नाही, कारण माया ही कलाबाह्य गोष्ट आहे. उभ्या उभ्या झोप लागलेल्या प्रेक्षकाचा ठहराव मात्र पूर्ण धरला जाईल, कारण ती तल्लीनता असू शकते. ज्या चित्राला पहिला क्रमांक मिळेल ते मंडळाच्या कायम संग्रहात जाईल आणि त्या चित्रकाराला पुढच्या वर्षी तीच जागा मिळेल. आणि जो चित्रकार सलग तीन वर्षे निष्फळ, म्हणजे दखल घेण्याजोग्या ठहरावाविना, ठरेल, त्याची चित्रकार म्हणून असलेली नोंद रद्द होऊन त्याला प्रेक्षक म्हणून वर्ग केले जाईल. त्यानंतर त्याने प्रदर्शनाला जरूर यावे, पण हात हलवत यावे. हा शेवटचा नियम सर्वांत मानवी मानला गेला. शेवटी प्रेक्षकांचीही टंचाई होतीच.

प्रदर्शन मे महिन्यात भरते. मे महिन्यात सभागृह सहज मिळते, कारण शुद्धीवर असलेला माणूस नागपुरात मे महिन्यात पत्र्याखालचे सभागृह घेत नाही.

पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा पियुष नावाच्या तरुण चित्रकाराला पूर्वेकडच्या भिंतीची मधली जागा मिळाली. त्याचे चित्र पलंगपोसाएवढे होते आणि संपूर्ण राखाडी होते. नाव 'अवकाश-एक'. निकाल लागला तेव्हा बाकीच्या सगळ्या चित्रांचे मिळून जेवढे ठहराव झाले, त्याच्या चौपट एकट्या 'अवकाश-एक'चे झाले होते. निरीक्षकांच्या अहवालातले काही निष्कर्ष जसेच्या तसे देतो:

(अ) चित्रासमोर येताच ४२ टक्के प्रेक्षकांनी डोळे मिटले. हे चित्र डोळ्यांनी पाहण्याचे नव्हे, हे सामान्य माणसालाही कळले.

(आ) ५५ टक्के पुरुषांनी शर्टाची वरची बटणे उघडली. कला छातीवर घेण्याची अशी तयारी विदर्भात प्रथमच दिसली.

(इ) बहुसंख्य स्त्रियांनी तोंडाला बांधलेले दुपट्टे सोडले. काहींनी कडेवरचे मूल पुढे धरले.

(ई) ३८ टक्के प्रेक्षक चित्राकडे पाठ करून उभे राहिले. चित्राचे तेज फार वेळ सोसवत नसावे.

(चित्राच्या बरोबर समोरच्या खिडकीत उपाध्यक्ष चंपतराव यांच्या मंडप-डेकोरेशनच्या गोडाऊनमधला मोठा लोखंडी कूलर लावलेला होता. तो सभागृहात एकच होता. सभागृहाचे वर्णन पूर्ण व्हावे एवढ्यासाठीच हा उल्लेख.)

हर्षित या आमच्या समीक्षकाने मंडळाच्या पुस्तिकेत लिहिले, "ही कृती बुद्धीला वळसा घालून थेट प्रेक्षकाच्या देहाशी बोलते." या विधानात आजवर कोणाला चूक काढता आलेली नाही.

दुसऱ्या वर्षी नियमाप्रमाणे पियुषला तीच जागा मिळाली. 'अवकाश-दोन' जरा मोठे आणि जरा अधिक राखाडी होते. त्या वर्षी पारा आदल्या वर्षीपेक्षा वर गेला होता आणि ठहरावही त्याच प्रमाणात वाढले. कलेची जाण वाढत असल्याचे मनोहररावांनी आलेख काढून सिद्ध केले. मग शहरातले झाडून सगळे चित्रकार राखाडीकडे वळले. ज्यांनी जन्मभर बैल काढले होते, त्यांनी बैल तसेच ठेवून वरून राखाडी फिरवला. राखाडी रंगाचे डबे इतवारीच्या बाजारात मिळेनासे झाले.

चंपतरावांनी मनीषनगरात नवा फ्लॅट घेतला होता. त्यांनी पियुषकडून मुद्दाम एक राखाडी चित्र करून घेतले आणि हॉलमध्ये लावले. आठ दिवसांनी ते मंडळात येऊन कुरकुरले, "तिथं जसं वाटत होतं तसं घरी नाही वाटून राहिलं गा." तक्रार गंभीर होती. हर्षित स्वतः मनीषनगरात जाऊन आला. त्याने हॉलच्या सगळ्या कोपऱ्यांत उभे राहून पाहिले आणि सोफा एसीच्या खाली सरकवून तिथून चित्र पाहण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याच दिवशी चंपतरावांचा फोन आला, की आता बराबर वाटून राहिलं. समीक्षेचा समाजाला काय उपयोग, असे विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण राखून ठेवण्यासारखे आहे.

आता धनश्रीबद्दल. तिच्याशिवाय हा अहवाल संपला असता तर बरे झाले असते, असे मंडळाचे मत आहे.

धनश्री ही कामठीची. एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायची. तिची आई जिजाबाई पॉवरलूमवर काम केलेली. धनश्री दर वर्षी एक चित्र घेऊन यायची आणि दर वर्षी चिठ्ठीत तिला जिन्याजवळची जागा मिळायची. तिथे पत्रा सगळ्यात खाली आहे आणि जिन्यातून लू, म्हणजे उन्हाची झळ, थेट वर येते. दोन वर्षांत तिच्या चित्रांना मिळून जे काही ठहराव मिळाले, ते चप्पल शोधणाऱ्यांचे होते. मागचे वर्ष तिचे तिसरे. त्या वर्षी निष्फळ ठरली, की ती प्रेक्षक.

तिचे चित्र फार मोठे नव्हते. लाईट गेली आहे, माग बंद पडला आहे आणि एक बाई मागासमोर बसून आहे, असे काहीतरी. बाई म्हणजे जिजाबाईच. पहिल्या दिवशी ती स्वतः शेअर ऑटोने चित्र पाहायला आली. लू लागू नये म्हणून तिने पदरात कांदा बांधला होता. त्या जिन्यापाशी, तापलेल्या पत्र्याखाली, ती चित्राकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "काहून वं, माहं नाक एवढं चपटं हाय?"

"नाकाचं चित्र नाही ते आई."

"मंग हात काहून असे केले? लाईट गेल्यावर मी हात असे ठेवतो का?"

"असेच ठेवतं तू."

जिजाबाईने स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि पुन्हा चित्राकडे पाहिले. तिचा हा संपूर्ण ठहराव निरीक्षकाने नियमानुसार वजा केला.

दोन दिवस सगळे सुरळीत चालले. पियुषचे 'अवकाश-तीन' नेहमीच्या जागी होते आणि समोर नेहमीची गर्दी डोळे मिटून उभी होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळीच कूलरच्या खिडकीतला प्लगचा बोर्ड जळाला. चंपतरावांचा माणूस आला. जिन्याजवळचा एकच बोर्ड कूलरचा भार घेईल असे त्याने सांगितले आणि कूलर ढकलत नेऊन तिकडे लावला. त्याचे तोंड धनश्रीच्या चित्राकडे झाले.

पुढे जे घडले त्याने मंडळ हादरले. दुपारपर्यंत 'अवकाश-तीन'समोर चिटपाखरू उरले नाही. तिथल्या निरीक्षकाने शून्य ठहराव लिहून पाहिले, पण ते बरे दिसेना म्हणून खोडून 'निरंक' लिहिले. सगळे प्रेक्षक जिन्याजवळ लोटले. त्यांनी डोळे मिटले, बटणे उघडली, दुपट्टे सोडले, मुले पुढे धरली. खुद्द पियुषसुद्धा तिथे जाऊन उभा राहिला. लोकांची अभिरुची एका रात्रीत पालटल्याचे मनोहररावांनी मान्य केले. शास्त्रज्ञाच्या मोकळ्या मनाने ते म्हणाले, की आकडा म्हणते ते खरं. हर्षितने तिथेच भिंतीला वही टेकवून लिहायला घेतले. शीर्षक होते, 'निर्गुण अवकाशाकडून श्रमाच्या देहाकडे'. समकालीन कलेला हे वळण लागणारच होते, असे आपण पूर्वीच सुचवल्याचेही त्याने पहिल्याच परिच्छेदात नमूद केले.

धनश्रीला आधी काही उमगेना. दोन वर्षे जिथे माणूस फिरकला नव्हता, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. ती गर्दीत शिरली. एक गृहस्थ चित्राला अगदी खेटून, चित्राकडे पाठ करून, चेहऱ्यावर समाधान घेऊन उभे होते. तिने त्यांना विचारले, "भाऊ, या चित्रातली बाई काय करून राहिली, सांगता का?"

"कोणती बाई?"

"मागची."

गृहस्थ दचकून बाजूला झाले आणि मागे न पाहताच म्हणाले, "सॉरी बरं का ताई. धक्का लागला असंन तं."

तिने आणखी चारपाच जणांना विचारले. एकाने सांगितले की चित्रात नदी आहे. एका बाईने फार छान म्हटले आणि पाणी केव्हा टाकणार ते विचारले. (तिचा रोख कूलरकडे असावा.) शेवटी धनश्रीला गर्दीत आई दिसली. जिजाबाईसुद्धा चित्राकडे पाठ करून, पदर सैल सोडून उभी होती. कांदा तिने खिडकीवर काढून ठेवला होता. "लय बरं वाटून राहिलं वं," ती म्हणाली.

संध्याकाळी मनोहररावांनी धनश्रीला मंडळाच्या खोलीत बोलावले. निकाल जाहीर व्हायचा होता, पण शेवटचा दिवस रविवारचा असल्याने त्या एका दिवसाच्या गर्दीने आधीचे दोन दिवस मागे टाकले होते आणि आकडे स्पष्ट होते. खोलीत मनोहरराव, चंपतराव, हर्षित आणि पियुष होते. सदस्य म्हणून मीही होतो. जिजाबाई दारात उभी होती. भिंतीवर कायम संग्रहातली दोन राखाडी चित्रे होती आणि तिसऱ्यासाठी खिळा आधीच ठोकलेला होता.

"अभिनंदन, मॅडम," मनोहरराव म्हणाले. "तुमचं चित्र सगळ्यांना मागं टाकून पुढं गेलं."

धनश्री म्हणाली, "सर, लोक माह्या चित्रासमोर नाही उभे. कूलरसमोर उभे आहेत."

"उभे आहेत नं? मंग झालं."

"पण पाहून नाही राहिले कोणी."

"पाहणं आपल्या पद्धतीत नाही, मॅडम," मनोहरराव समजावणीच्या सुरात म्हणाले.

जिजाबाईला राहवले नाही. ती दारातूनच म्हणाली, "देऊन राहिले तं घे नं वं. कूलर काय आपण आणला?"

धनश्रीने आईकडे पाहिले, मग मनोहररावांकडे. बक्षीस घेतले नाही तर आपण पुढच्या वर्षी कोण असू, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "मले एक माणूस दाखवा सर, ज्यानं ते चित्र पाहिलं. एकच. मंग घेते."

हर्षितने वही मिटली. मी पंख्याकडे पाहिले. माणूस दाखवणे तसे सोपे होते, दारातच उभा होता, पण तो नियमाने वजा झालेला होता.

चंपतराव मंडपवाले असले तरी मंद नाहीत. त्यांच्या डोक्यात काहीतरी हळूहळू वर चढत होते. त्यांनी भिंतीवरच्या दोन राखाडी चित्रांकडे पाहिले आणि विचारले, "मंग मागचे दोन साल? ते पण कूलरच का?"

"ते पण," धनश्री म्हणाली.

"आणि माह्या हॉलमधलं?"

चंपतरावांना एसी आठवला असावा. त्यांचा चेहरा राखाडी झाला.

मंडळाच्या इतिहासातली ही सर्वांत अवघड घडी होती. मनोहररावांनी ती ज्या रीतीने हाताळली, त्यावरून ते सरकारी नोकरीत एवढ्या वर कसे चढले ते कळते. त्यांनी सगळ्यांना पाणी दिले, स्वतः प्यायले आणि पियुषकडे वळून शांतपणे विचारले, "पियुष, तुले काही सांगायचं आहे का?"

पियुष म्हणाला, "नाही सर."

(जाणकारांच्या मते हीच त्याची सर्वांत संयत कृती.)

मग मनोहररावांनी निर्णय सांगितला. धनश्री मॅडम यांनी आपले ठहराव कूलरमुळे झाल्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे, सबब ते रद्द. पियुष यांनी तसे काहीही कबूल केलेले नाही, सबब त्यांचे ठहराव कलेमुळेच झाले असे धरणे भाग आहे. कूलर ही वस्तू एका चित्रकाराच्या बाबतीत कूलर आणि दुसऱ्याच्या बाबतीत योगायोग असू शकते, यात विसंगती नाही. धनश्री मॅडम सलग तिसऱ्या वर्षी निष्फळ ठरल्या आहेत, तरी मंडळ त्यांचे प्रेक्षकवर्गात स्वागत करते. प्रामाणिक प्रेक्षकांची मंडळाला गरज आहेच.

"तोंड खोटं बोलते म्हणत होते नं तुम्ही?" धनश्रीने विचारले.

"नेहमी नाही," मनोहरराव म्हणाले.

तिला प्रेक्षकाचे कार्ड देण्यात आले. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून मायलेकी जिना उतरल्या. उतरताना जिजाबाई तिला बोलत होती, "कूलर काय आपण आणला होता?" हे तिने कामठीच्या ऑटोत बसेपर्यंत किमान चारदा म्हटले असेल. हर्षितने आपला लेख वाया जाऊ दिला नाही. त्याने शीर्षकातले शब्द मागेपुढे केले आणि 'श्रमाच्या देहाकडून निर्गुण अवकाशाकडे' या नावाने तो यथावकाश प्रसिद्ध झाला.

यंदा मे महिन्यात पुन्हा प्रदर्शन भरले. खिडकीतला बोर्ड दुरुस्त झाला होता. कूलर जागेवर होता, 'अवकाश-चार' जागेवर होते, डोळे मिटलेले प्रेक्षक जागेवर होते. धनश्री कार्ड दाखवून आत आली, सोबत आई. गर्दीकडे न जाता दोघी जिन्याजवळ गेल्या. जिथे तिचे चित्र होते तिथे आता नुसता एक खिळा होता. दोघी त्या खिळ्यासमोर, त्या लूमध्ये, घाम पुसत, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. निरीक्षकाने नोंद केली नाही. तिथे कलाकृती नव्हती.

इथे तुम्हाला जरा गलबलून आले असेल. मनोहररावांचा राग आला असेल, पियुषची कीव आली असेल आणि त्या राखाडी चित्रासमोर डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या लोकांना तर तुम्ही मनातल्या मनात केव्हाच हसला असाल. शिवाय धनश्रीचे चित्र उत्तम होते, याबद्दल तुमच्या मनात एव्हाना शंका उरलेली नाही.

कशावरून, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

चित्र तुम्ही पाहिलेले नाही. ते चांगले होते असे मी कुठेही म्हटलेले नाही. वाटल्यास वर जाऊन तपासा. मी सांगितले ते एवढेच, की मुलगी कामठीची आहे, आई मागावर काम केलेली आहे, ऑटोने आली, पदरात कांदा होता आणि जिन्याजवळ फार गरम होत होते. आणि तो खिळा. (खिळ्याचे मी पदरचे घातले आहे. यंदा त्या दोघी आल्याच नाहीत.)

वारा कुठून सोडायचा, ते मी पहिल्या पानापासून ठरवून ठेवले होते. तुम्ही बरोबर तिथे येऊन, बटणे उघडून उभे राहिलात. तुमचा ठहराव नोंदला आहे.